पन्नास सुलटे, पन्नास उलटे

बाटलीच्या तळाशी एक छर्रा आहे, बसच्या चाकाच्या बेअरिंगमधला. बाटली हलवली की तो खुळखुळतो. रंग फार घट्ट झाला असेल तर ठक्क करून गप्प बसतो.

सोळा दात एका पट्टीवर रांगेत उभे आहेत. त्यांना ना जबडा, ना तोंड. प्रत्येकाच्या पायाशी एक अक्षर आणि एक आकडा.

टायरवाल्याच्या टपरीच्या दारावर लिहिलंय, 'आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या'. आत दोन माणसं मावत नाहीत.

"माझ्या कामात ढवळाढवळ नको," असं सकाळपासून काहीतरी ढवळत बसलेला माणूस म्हणतो.

चिठ्ठी. उजवा डोळा. बुधवार, सकाळी नऊ. सोबत घरचं एक माणूस.

आइस्क्रीमच्या काड्या, पत्र्याच्या डब्यात, पलंगाखाली. आइस्क्रीम कुणी खाल्लं ते कुणालाच आठवत नाही.

तर हा सगळा पसारा एकाच घरातला. टायरवाल्याचं दार तेवढं बाहेरचं, पण तेही शेवटी घरात आलंच. घर दुसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला. घरात एक बाप आणि एक लेक. खालच्या मजल्यावर बापाची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. ती दिवसातून चार वेळा वर येते, "मी बसणार नाही हं" म्हणते आणि तासभर बसते.

बाप बसच्या डेपोत रंगारी होता, चौतीस वर्षं. तेव्हा शहरातली प्रत्येक बस खाली लाल आणि वर सायीच्या रंगाची असायची. डब्यावर कंपनीने दुसरंच काही छापलेलं असे, पण डेपोत त्या रंगाला सगळे 'साय' म्हणत. पुढेपुढे रंगाऱ्यालाच साय म्हणू लागले. "साय कुठे गेली रे?" असा फोरमन ओरडला की तोंडावरचं फडकं खाली ओढत बाप बसच्या आडून बाहेर यायचा.

निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, गुडघे चोळतात. बापाने पुन्हा बसच करायला घेतल्या, बहात्तर पट लहान. आरसे टाचणीच्या डोक्याएवढे, पायऱ्या नखाएवढ्या. वर्षभरात एक बस उभी राही. त्यातले दहा महिने सांगाडा, दोन महिने रंग, आणि त्या दोन महिन्यांतले निम्मे दिवस नुसतं ढवळणं.

"नुसतं हलवायचं नाही, ढवळायचं," तो सांगायचा. न विचारता सांगायचा. "रंग उभा राहिला की जड ते खाली बसतं आणि वर नुसतं तेल राहतं. वरवर ब्रश बुडवला तर तेच तेल लागतं. आधी काडीनं तळ सोडवायचा. पन्नास फेरे सुलटे, पन्नास उलटे. मग छर्रा."

"आणि मग जेवण," आत्या म्हणायची. "ते मिळायचं असेल तर."

सायीची बाटली तो कधी संपू द्यायचा नाही. तळाशी बोटभर उरली की त्यातच नवा पांढरा, थोडा पिवळा, किंचित तांबडा मिसळायचा, विरजण राखून ठेवावं तसं. ढवळायला दर वेळी नवी काडी, कारण जुन्या काडीचा रंग नव्यात उतरतो. वापरलेली काडी सुकवायची, मागे तारीख लिहायची आणि डब्यात टाकायची. का, ते कुणी विचारलं नाही. डेपोतली सवय असेल, असं लेकीने धरलं होतं.

आता लेकीचं काम. लेक दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यावरून ती कवळ्या, टोपणं, एखादाच पुढचा दात असं करून द्यायची. आत्या तिला 'दातवाली' म्हणायची. एकट्या पुढच्या दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, आणि त्यात तिचा हात कुणी धरत नसे. त्या कामाचे नियम पक्के होते. आठवणीवर जायचं नाही, नमुन्याच्या दातांची पट्टी शेजारी धरायची. उजेड हवा, तोही दिवसाचा. आणि पाच सेकंदांच्या वर बघायचं नाही. नजर काढायची, राखाडी भिंतीकडे बघायचं, मग पुन्हा. कारण जास्त वेळ बघत राहिलं की डोळा थकतो आणि कशालाही हो म्हणायला लागतो.

बापाचं सगळं उलट होतं. तो कशाशीच ताडून बघायचा नाही. "साय माझ्या डोळ्यांत बसलीय," म्हणायचा. फक्त शेवटी काडी उंच धरून लेकीला हाक मारायचा:

"बघ गं, जमला का?"

आणि लेक म्हणायची, "जमला."

पहिल्या तीन बस होईपर्यंत हे खरं होतं. त्या तिन्ही त्याने डेपोतल्या जुन्या सोबत्यांना देऊन टाकल्या; पुढच्या खिडकीसमोरच्या कपाटात राहिल्या. चौथीच्या वेळी एका संध्याकाळी लेक कामावरून थकून, दिवा अजून न लागलेल्या घरात शिरत होती. खांद्याला पिशवी, पिशवीत उद्या सकाळी पोचवायची कवळी. बापाने काडी पुढे धरली. "जमला का?" "जमला," असं म्हणून ती चपला काढत आत गेली. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या उन्हात तिने बस पाहिली. साय नव्हतीच ती. पाणी घातलेल्या दुधासारखा निळसर, थंड पांढरा होता. पण बापाने सगळं छप्पर रंगवून टाकलेलं, वर कौतुकाने फुंकर घालत बसलेला. सांगू सावकाश, असं तिने ठरवलं.

सावकाश म्हणजे सहा वर्षं. पाचवी बस आणखी निळी झाली. सहावी त्याहून. दर वेळी "जमला का", दर वेळी "जमला". एकदा तोंडातून गेलेलं खोटं पुढच्या खोट्याला जागा करून देतं, आणि तिने तर पट्टीवर दात बसवावेत तसं एकेक ओळीने बसवलं. बापाला जुन्या आणि नव्या बसमधला फरक कधी जाणवलाच, तर तो म्हणायचा, "जुन्या पिवळ्या पडत चालल्यात. हल्लीच्या रंगात दम नाही."

मग डोळ्यांची डॉक्टरीण आली. म्हणजे तीच काही घरी आली नाही. बाप जिन्यात पायरी चुकला आणि आत्या त्याला हाताला धरून तिच्याकडे घेऊन गेली. लेकही गेली.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू," डॉक्टरीण म्हणाली. "आणि आजचा नाही हा, चांगला मुरलाय. इतके दिवस काय करत होतात, आजोबा?"

बापाने खांदे उडवले.

"काढला की बघा, पांढरं पांढरं दिसेल, निळं निळं दिसेल. आत्ता तुम्ही सगळं जग गाळलेल्या चहातून बघताय."

सगळंच पिवळं दिसत असेल तर हात आपोआप निळा थेंब टाकत राहणार, हे लेकीला तिथल्या तिथे कळलं. पुढचंही कळलं. बुधवारच्या ऑपरेशननंतर बाप चांगल्या डोळ्याने त्या कपाटासमोर उभा राहील, आणि त्याला नुसत्या सहा निळ्या बस दिसणार नाहीत. रंग जुळवण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही, त्या स्वतःच्या लेकीने सहा वर्षं आपल्या तोंडावर काय सांगितलं, ते दिसेल.

हातात आठ दिवस होते.

तिने मनाशी एक गोष्ट रचली. बस खिडकीसमोर असतात, उन्हाने त्यांच्यातला पिवळा उडाला, म्हणून निळ्या दिसतात. हे पटण्यासारखं होतं. पण त्यासाठी बाटलीतला रंग तरी खरा हवा होता, आणि बाटली तर निळीशार. आधी तिने सरळ मार्गाने बघितलं.

"बाबा, थोडा पिवळा घातला तर?"

"चौतीस वर्षं साय कोण काढत होतं?"

"तुम्हीच. पण मी आपलं म्हटलं..."

"मग माझ्या कामात ढवळाढवळ नको. मी तुझ्या दातांना सांगायला येतो का, सरळ उभे राहा म्हणून?"

संपलं. उरला चोरून करायचा मार्ग. पण मूळ रंग ताडून बघायचा कशावर? जुन्या बस कधीच भंगारात गेल्या होत्या, आणि सोबत्यांकडच्या छोट्या बस मागितल्या तर ते बापाच्या कानावर गेलं असतं. तेव्हा तिला डेपोमागचा टायरवाला आठवला. त्याच्या टपरीचं दार म्हणजे बसचंच दार होतं. दुपारच्या सुट्टीत ती दातांची पट्टी घेऊन तिथे गेली. बाहेरून दाराचा रंग उडालेला, पण कडीची पट्टी जरा सरकवल्यावर आत, जिथे ऊन कधी पोचलं नाही तिथे, साय जशीच्या तशी होती. ती पट्टीतला एकेक दात तिथे लावून बघू लागली.

टायरवाला हातातला पंप खाली ठेवून बघत राहिला. "ताई, दाराचे दात मोजताय का?"

"रंग बघतेय."

"किडलाय का एखादा?"

"नाही. चांगलेत सगळे."

"मग ठीक. काढायला लागला तर आधी सांगा, माझी टपरी उघडी पडेल."

दुसऱ्या अक्षराच्या तिसऱ्या दाताशी रंग बरोबर जुळला. लेक खूश होऊन परतली. आता आठवण नाही, अंदाज नाही, हातात पुरावा होता.

रोज सकाळी बाप वर्तमानपत्र आणायला खाली उतरला की ती बाटली उघडायची, पिवळ्याचे थेंब टाकायची, दात शेजारी धरून पाच सेकंद बघायची, भिंतीकडे बघायची, पुन्हा बघायची. पन्नास सुलटे, पन्नास उलटे. मग बाप वर यायचा, नव्या काडीने ढवळायचा आणि कपाळाला आठ्या घालायचा. "रात्रीत पिवळा पडला बघ. काय रंग बनवतात हल्ली!" मग तो निळा टाकायचा, दुसऱ्या काडीने ढवळायचा, तारीख लिहायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्या दिवशी आत्याने बाटली हातात घेतली.

"दादा, ही जिवंत आहे का रे? सोमवारी बोटभर होती, आज गळ्याशी आलीय."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला रंगातलं नाही कळत, पण वाढलेलं कळतं. चार पोरं वाढवलीत मी." हे म्हणताना ती लेकीकडे बघत होती. नंतर जिन्यात तिने लेकीचा दंड धरला. "दातवाले, सांगून टाक त्याला."

"काय सांगू?"

"ते तुलाच ठाऊक. मी आपली बसायला आले नव्हते." आणि ती खाली गेली.

लेकीने सांगितलं नाही. दहावी बस बिनरंगाची तशीच टेबलावर उभी होती. "आता डोळा आल्यावरच रंगवीन," बाप म्हणाला.

"डोळे येणं म्हणजे वेगळं असतं, दादा," आत्या म्हणाली. "ते लाल होतात."

बुधवारी सकाळी निघण्यापूर्वी लेकीने शेवटचे थेंब टाकले. बाटली काठोकाठ भरली. शेवटचा हात तिचा होता.

गुरुवारी डोळ्यावरची पट्टी निघाली. घरी आल्यावर बाप दारातच थांबला.

"ही भिंत पांढरी आहे!"

"भिंत काय, तुझे केसही पांढरे आहेत," आत्या म्हणाली. "मला वाटलं तुला ठाऊक असेल."

"आणि तू केवढी म्हातारी झालीस गं!"

"परत घाल ती पट्टी. घाल आधी."

तो हसत हसत सगळं बघत फिरला. चादर, भांडी, खिडकीबाहेरचं आभाळ. आभाळाला तो बराच वेळ चिकटला. मग कपाटापाशी आला आणि त्याचं हसू थांबलं. सहा बस ओळीने उभ्या होत्या. त्याने एकेक उचलली, खिडकीपाशी नेली, परत ठेवली. लेकीने पाठ केलेलं वाक्य काढलं.

"उन्हानं झालं असेल, बाबा. पिवळा उडाला असेल."

"आणि लाल?"

"काय?"

"लाल नाही उडाला?" बापाने बस उलटी करून तिला दाखवली. खालचा लाल टवटवीत होता. "उन्हात आधी लाल जातो. चौतीस वर्षं गेलेला लालच झाकत होतो मी."

मग तो पलंगाखाली वाकला. आत्या ओरडली, "अरे, वाकू नको म्हणालीय डॉक्टरीण!" पण डबा बाहेर आला होता. त्याने सायीच्या काड्या वेगळ्या काढल्या, मागच्या तारखा वाचत खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या. चाळीसेक झाल्या. लेक बघत राहिली. पहिल्या काड्या सायीच्या, मग किंचित निवलेल्या, मग निळसर, मग निळ्या. अगदी तिच्या दातांच्या पट्टीसारखी पट्टी. अंधारात, झाकणाखाली, ऊन न लागलेली. ती टायरवाल्याच्या दारात कडी सरकवत होती तेव्हा ही पट्टी तिच्याच घरात पलंगाखाली होती.

आणि शेवटच्या काड्या, आठ दिवसांच्या. पिवळी, निळी. पिवळी, निळी. पिवळी, निळी.

बापाने त्यांच्यावरून बोट फिरवलं. "ही ढवळाढवळ," तो म्हणाला.

आत्या उठली. "मी खाली जाते," म्हणाली आणि खरंच गेली.

"यातली पहिली बिघडलेली कुठली?" बापाने विचारलं.

आवाजात राग नव्हता. डेपोत एखादी बस परत आली की विचारावं, तसं विचारलं होतं. लेक पुढे झाली. पाच सेकंद पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. एका काडीवर बोट ठेवलं. बापाने ती उलटली, तारीख वाचली, चौथ्या बसची.

"म्हणजे तुला दिसत होतं."

"हो."

"तेव्हापासून."

"दुसऱ्या दिवसापासून. उजेडात पाहिल्यावर." मग तिला बोलायचंच झालं. "बाबा, तुम्ही इतक्या हौसेनं करत होतात. तुमचा बेरंग करायचं जिवावर आलं. आणि मग उशीर झाला."

"मी तुला का विचारायचो?"

लेकीने ओळीतली एक काडी सरळ केली.

"चांगला झालाय असं ऐकायला? चौतीस वर्षांत मला एकानं चांगला म्हटलं नाही, माझं काही अडलं नाही." तो पलंगाच्या कडेवर बसला. "मला धूर आल्यासारखं दिसायचं गं. तेव्हापासूनच. म्हटलं, डॉक्टरकडे कशाला धावा? घरात रंगाची पारख असलेलं माणूस आहे. रंग बिघडला असं ती म्हणाली, की समजायचं डोळा बिघडला. तू जमला म्हणायचीस. मी म्हणायचो, चला, डोळा शाबूत आहे. तुझ्यावर डोळे झाकून..." इथे त्याला स्वतःलाच विचित्र वाटलं असावं. त्याने वाक्य सोडून दिलं.

डॉक्टरणीने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. इतके दिवस काय करत होतात? लेकीला विचारत होतो. बसच्या रंगाचं तिला सहा वर्षं वाईट वाटत आलं होतं. डोळ्यांचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता. तिला बसावंसं वाटलं, पण पलंगावर त्याच्या शेजारी बसवेना. ती उभीच राहिली.

बापाने चौथी बस पुन्हा हातात घेतली. उजव्या, नव्या डोळ्यावर तळहाताचा आडोसा धरला आणि डाव्याने पाहिलं. हात काढला. पुन्हा धरला.

"या डोळ्यानं अजून जमलेलीच दिसते," तो म्हणाला. "हा डोळा अजून तुझ्या बाजूचा आहे. महिन्यानं त्याचंही ऑपरेशन."

ती हसली नाही. त्यानेही हसवायला म्हटलं नव्हतं बहुतेक.

मग तो टेबलाशी गेला, काठोकाठ भरलेली बाटली उघडली, काडी घालून तळ सोडवला. काडी वर काढून उजेडात धरली. "ही कशावरून काढलीस?"

"टायरवाल्याच्या दारावरून. कडीखालचा रंग. अगदी खरा आहे, बाबा, मी ताडून बघितलाय."

"ते दार." बापाने मान हलवली. "मी कावीळ होऊन दोन महिने घरी होतो, तेव्हाची बस ती. बदलीच्या माणसानं रंगवली. काळा जास्त घालायचा तो, मळ दिसू नये म्हणून. डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं." त्याने ओळीतली पहिली काडी उचलली आणि नव्या काडीशेजारी धरली. "बघ."

लेकीने पाहिलं. तिची साय पहिल्या काडीशेजारी मळकट होती. ज्या रंगासाठी तिने आठ दिवस चोरी केली, तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"अर्धी बाटली ओतून टाक," बाप म्हणाला. "नवा पांढरा घाल. आणि ढवळ."

"मी?"

"तूच. मला वाकायचं नाही, हादरायचं नाही म्हणून सांगितलंय. पन्नास सुलटे."

लेक खिडकीशी बसून ढवळू लागली. बाप मोजत होता, मोठ्याने नाही, ओठांनी. पन्नास उलटे झाले. झाकण लावलं, छर्रा वाजवला. त्याने नवी काडी बुडवली, पहिल्या काडीला लावून तिच्यासमोर धरली.

"जमला का?"

तिने पाच सेकंद पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"नाही."

"काय कमी आहे?"

"पिवळा. टाचणीच्या डोक्याएवढा."

"घाल."

तिने घातला. पुन्हा शंभर फेरे. तिचं मनगट भरून आलं. बापाने दुसरी काडी घेतली.

"जमला का?"

"नाही. आता तांबडा हवा. अगदी थोडा."

बापाने "नक्की?" असं विचारलं नाही. काडी सुकायला ठेवली, पेन घेतलं आणि नव्या डोळ्याने सावकाश, एकेक अक्षर बघत, तिच्या मागे तारीख लिहिली.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी दिव्याचं बटण तिच्या हातापासून वीतभर लांब होतं.